योद्धे आणि भुतांची जपानी ठसेचित्रं: कोण, केव्हाचं आणि कितव्या छपाईचं हे ओळखायचं कसं?

शाईडाग

कुनियोशी, योशितोशी वगैरे एकोणिसाव्या शतकातल्या जपानी चित्रकारांची योद्ध्यांची चित्रं (जपानीत 'मुशा-ए') संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर ढिगाने सापडतात. कुणी महाकाय कोळ्यावर तलवार उगारलेली, कुणी देवमाशाच्या पाठीवर बसलेला, कुणासमोर छपराएवढा सांगाडा. पण जितकी चाळावीत तितका गोंधळ वाढतो. जाणकारांना चार प्रश्न:

१. जपानी वाचता येत नसेल तर चित्रातला तलवारबाज कोण हे कळू शकतं का? सगळेच दात-ओठ खाऊन, डोळे तिरळे करून उभे.

२. तेच चित्र एक संग्रहालय '१८४३–४७' म्हणून दाखवतं, दुसरं 'सुमारे १८४४' म्हणून. ही सालं येतात कुठून?

३. एकाच चित्राच्या एका प्रतीत आकाश वरून खाली विरत जाणारं निळं, दुसरीत सपाट राखाडी. मूळ कोणतं?

४. एवढा दाट काळा अंधार आणि ओलं वाटणारं रक्त लाकडी ठशातून छापलं कसं?

---

तिसरा ताव

दुसऱ्या प्रश्नापासून धरू, कारण बाकीचे त्यावर टेकलेत. चित्र हातात आलं की भूत आणि तलवार दोन्ही विसरा आणि आधी शिक्के शोधा. सहीच्या आसपास किंवा तावाच्या कडेला नखाएवढे गोल किंवा अंडाकृती शिक्के असतात. एदोत (आजच्या टोकियोत) विक्रीसाठी छापायचं चित्र आधी तपासून घ्यावं लागे. तपासणीची पद्धत दर काही वर्षांनी बदलली, आणि त्या बदलांमुळेच आज आपल्याला साल काढता येतं.

१७९१ पासून १८४२ पर्यंत एकच गोल शिक्का, आत 'किवामे' हे अक्षर, म्हणजे 'तपासलं'. यावरून साल फारसं आवळता येत नाही, पन्नास वर्षांचा पट्टा आहे. त्यानंतर १८४६ च्या अखेरपर्यंत एका नानुशीच्या, म्हणजे वस्तीप्रमुखाच्या, नावाचा एक शिक्का. १८४७ पासून १८५२ च्या सुरुवातीपर्यंत दोन नानुशींचे दोन. १८५२–५३ मध्ये दोन नावं आणि शेजारी साल-महिन्याचा तिसरा शिक्का. १८५३ च्या अगदी अखेरीपासून १८५७ पर्यंत 'आरातामे' (हेही 'तपासलं') आणि साल-महिना असे दोन. १८५८ साली फक्त साल-महिना. १८५९ ते १८७१ दोन्ही एकाच गोलात कोंबलेले. १८७५ नंतर शिक्का जातो आणि समासात तारीख, चित्रकार आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता अशी छापील ओळ येते.

म्हणजे '१८४३–४७' असं लिहिलेलं दिसलं की समजायचं, त्या तावावर एकाच नानुशीचा शिक्का आहे. दुसऱ्या संग्रहालयाने तो नानुशी कोणत्या वर्षी काम बघत होता हे जुळवून पट्टा अरुंद केलाय. दोघंही बरोबर.

साल-महिन्याचा शिक्का बारा प्राण्यांच्या चक्रात असतो. उंदीर १८५२, बैल १८५३, वाघ १८५४, ससा १८५५, ड्रॅगन १८५६, साप १८५७, घोडा १८५८, मेंढा १८५९, माकड १८६०, कोंबडा १८६१, कुत्रा १८६२, डुक्कर १८६३, आणि १८६४ ला पुन्हा उंदीर. उंदीर दिसला तर १८५२ की १८६४ हे शिक्क्यांची संख्या सांगते: सोबत दोन नावं असतील तर पहिला, सगळं एकाच गोलात असेल तर दुसरा. महिना चांद्र असतो. आकड्याआधी एक जादा अक्षर असेल तर तो अधिक महिना, आणि अधिक महिना काही ठरावीक वर्षीच आल्यामुळे तिथे साल आणखी पक्कं होतं.

सहीनेही मदत होते. योशितोशी १८७३ पर्यंत 'इक्काइसाइ योशितोशी' अशी सही करतो, नंतर 'ताइसो'. कुनियोशी बहुधा 'इचियूसाइ कुनियोशी', आणि पुढच्या काळात सहीखाली पॉलोनिया झाडाच्या पानाफुलांचा लाल शिक्का. तो १८६१ मध्ये वारला, त्यामुळे त्याच्या सहीखाली १८६३ च्या डुकराचा शिक्का असेल तर कुठेतरी घोटाळा आहे.

एक खबरदारी. शिक्का ठशातच कोरलेला असतो. पंचवीस वर्षांनी त्याच ठशावर छापलं तरी शिक्का जुनाच उमटतो. तो ठशाचं वय सांगतो, कागदाचं नाही. तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आलं.

---

मोनवाला

पहिल्या प्रश्नावर. चेहरा बघून काही हाती लागणार नाही, तो काबुकीच्या रंगमंचावरून उचललेला ठरावीक आवेश आहे. तीन गोष्टी बघा: कपड्यावरचं कुलचिन्ह (मोन), हातातलं हत्यार, आणि समोरचं भूत. बहुतेक वेळा भूतच योद्ध्याची ओळख पटवतं, कारण जोड्या ठरलेल्या आहेत.

कोळी दिसला की मिनामोतो नो योरिमित्सू, ऊर्फ राइको (९४८–१०२१), किंवा त्याच्या चौघा साथीदार योद्ध्यांपैकी कुणीतरी. ओएयामा डोंगरावरचा दारुडा राक्षस शुतेन-दोजी, त्याला मारणारी टोळीही हीच. तुटलेला राक्षसी हात असेल तर वातानाबे नो त्सुना. त्याच्या कपड्यावर तीन गोळे आणि खाली आडवी रेघ शोधा, हमखास सापडते. तोच हात उचलून पळणारी म्हातारी म्हणजे वेष पालटून आलेली राक्षसीण. लालबुंद अंगाचा, कुऱ्हाडवाला धिप्पाड गडी म्हणजे साकाता नो किंतोकी. माकडाचं तोंड, वाघाचे पाय आणि सापाची शेपूट असलेला प्राणी म्हणजे नुए. त्याच्यावर बाण सोडणारा मिनामोतो नो योरिमासा, आणि खाली पडल्यावर त्याला भोसकणारा त्याचा सेवक इ नो हायाता. लांब नाकाचे किंवा चोचीचे तेंगू (डोंगरातली भुतं) आणि मध्ये कोवळा मुलगा असेल तर कुरामा डोंगरावर तलवार शिकणारा उशिवाका, म्हणजे पुढचा योशित्सुने. पाठीवर करवत-हातोड्यासकट सात हत्यारांचा भारा वाहणारा बेंकेई. समुद्रावर काळ्या लाटांतून उठणारी भुतांची रांग म्हणजे ११८५ साली दान-नो-उरा इथे मिनामोतो घराण्याशी लढताना बुडालेले ताइरा घराण्याचे योद्धे, आणि नाव योशित्सुनेची. ताइरांचं चिन्ह फुलपाखरू, मिनामोतोंचं बांबूच्या पानांवर तीन फुलं.

दाकेच्या पेल्यात राक्षसीणीचं प्रतिबिंब बघणारा योद्धा ताइरा नो कोरेमोची, जागा तोगाकुशी डोंगर. योशितोशीच्या भुतांच्या मालिकेत तो आहे.

देवमाशावर बसलेला मुसाशीच. मियामोतो मुसाशी हा सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातला खरा तलवारबाज, १६४५ मध्ये वारला. देवमासा मात्र दंतकथेतला. कुनियोशीने १८५० च्या सुमारास तो तीन तावांवर पसरला आणि माणूस मुद्दाम मुठीएवढा ठेवला. मुसाशी ओळखायची खूण म्हणजे दोन हातांत दोन तलवारी, पण तेवढ्यावर विसंबू नका, लढाईच्या गर्दीत दोन तलवारी इतरांच्याही हातात असतात. शिवाय चित्रावर त्याचं नाव कधी वेगळ्याच अक्षरांत लिहिलेलं असतं. उच्चार तोच, अक्षरं दुसरी. भातुकलीसारखं भांड्याचं झाकण पुढे करून वार अडवणारा म्हातारा दिसला तर तो त्सुकाहारा बोकुदेन. समोरचा तरुण मुसाशी म्हणून दाखवतात. बोकुदेन १५७१ साली वारला आणि मुसाशी जन्मला १५८४ च्या सुमारास, तेव्हा ही झटापट चित्राबाहेर झालेली नाही.

नावांच्या अदलाबदलीमागे कायदा होता. १८०४ मध्ये हुकूम निघाला: तेन्शो काळापासूनच्या, म्हणजे १५७३ पासूनच्या, योद्ध्यांची नावं आणि चिन्हं छापायची नाहीत. त्याच वर्षी सोळाव्या शतकातला सत्ताधीश हिदेयोशी याच्या चित्रांपायी चित्रकार उतामारोच्या हातात पन्नास दिवस बेड्या पडल्या. मग प्रकाशकांनी वाट काढली. ओदा नोबुनागाचा 'ओता हारुनागा' झाला, हिदेयोशीचा 'माशिबा हिसायोशी', आकेची मित्सुहिदेचा 'ताकेची मित्सुहिदे', कातो कियोमासाचा 'सातो मासाकियो'. वाचणाऱ्याला सगळं कळायचं, कागदावर गुन्हा नसायचा. संग्रहालयाच्या नोंदीत असं मोडकं नाव दिसलं की चित्र शोगुनशाहीतलं (शोगुन म्हणजे तेव्हाचा लष्करी सत्ताधीश), खरं नाव छापलेलं असलं की बहुधा १८६८ नंतरचं.

कोळी-राक्षसांच्या गोष्टींना एवढा बहर येण्याचं एक कारण हेच. राइको आणि योशित्सुने शेकडो वर्षांपूर्वीचे, त्यांच्याबद्दल सरकारला हरकत नव्हती.

---

शाईडाग

'दाके' म्हणजे साके ना? :)

आणि हाडांचा महाकाय सांगाडा, तो 'गाशादोकुरो' म्हणून बऱ्याच ठिकाणी वाचलं. त्याच्याशी लढणारा कोण?

---

मोनवाला

साकेच, बोट घसरलं.

गाशादोकुरो नव्हे. तो शब्द आणि ते भूत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तयार झालं, आणि त्याला चेहरा द्यायला कुनियोशीचं हेच चित्र वापरलं गेलं. कुनियोशीने १८४४ च्या सुमारास चित्र काढलं तेव्हा ते भूत कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

चित्र आहे 'सोमाचा जुना राजवाडा'. डावीकडे गुंडाळी उलगडून मंत्र म्हणणारी ताकियाशा, ९४० मध्ये बंड करून मारल्या गेलेल्या ताइरा नो मासाकादोची मुलगी. मध्ये तिच्या माणसाला दाबून धरलेला ओया नो तारो मित्सुकुनी, तोच तुमचा लढवय्या. उजवीकडून फाटका बांबूचा पडदा सारत सांगाडा आत वाकतोय. गोष्ट सांतो क्योदेनच्या १८०६ च्या कादंबरीतली, पण तिथे माणसाएवढे पुष्कळ सांगाडे आहेत. त्या सगळ्यांचा मिळून एक करणं ही कुनियोशीची करामत. बरगड्या, मणके, खांद्याची हाडं इतकी नेमकी आहेत की त्याने पाश्चात्त्य शरीरशास्त्राची चित्रं पाहिली असणार असं बहुतेक अभ्यासक मानतात.

सुटा मधला किंवा उजवा ताव विक्रीला दिसला तर दचकू नका. तीन तावांची चित्रं सुटे ताव शेजारी ठेवून बघायची असत, एका कागदावर छापलेली नसत. म्हणून प्रत्येक तावावर स्वतंत्र सही आणि शिक्के असतात, आणि आज तिन्ही ताव तीन वेगवेगळ्या छपायांतले जोडलेले सापडतात. जोडावरचा रंग तिन्हीकडे एकाच पट्टीचा आहे का ते बघा. काळ्याची खोली सगळ्यात आधी चुगली करते.

---

खळ आणि तुरटी

चौथा प्रश्न माझ्या गल्लीतला, म्हणून जरा लांबेन.

आधी हे डोक्यातून काढा की कुनियोशीने चित्र 'छापलं'. त्याने पातळ कागदावर काळ्या रेषांचा आराखडा दिला. पैसे घालणारा आणि विषय ठरवणारा हानमोतो (प्रकाशक), कोरणारा होरिशी, छापणारा सुरिशी. तीन हात वेगळे.

लाकूड डोंगरी चेरीचं, फळी तंतूंच्या दिशेने उभी कापलेली, रंधा मारून आरशासारखी केलेली. तिच्यावर आराखडा उलटा खळीने चिकटवायचा. सुकत आला की बोटांनी कागदाची वरची साल चोळून काढायची आणि तेलाचं बोट फिरवायचं, म्हणजे रेष स्वच्छ दिसते. मूळ चित्र इथेच नष्ट होतं. मग सुरीने रेषेच्या दोन्ही बाजूंना उतार ठेवून कापायचं. उतार रेषेपासून बाहेरच्या बाजूला हवा, आत गेला तर रेषेचा पाया पोखरला जातो आणि शंभरेक प्रतींत ती तुटते. मधली मोकळी जागा पटाशीने काढायची. मोठ्या मोकळ्या जागा जास्त खोल, नाहीतर ओला कागद झोळ खाऊन तळाला टेकतो आणि डाग उमटतो. डोकं आणि केस उस्ताद कोरतो, कपडे आणि झाडं हाताखालची पोरं. कपाळाच्या कडेला एका मिलिमीटरात दोन-तीन केस येतात. कोरणाऱ्याची पत तिथे कळते.

काळ्या रेषांच्या ठशावरून दहा-वीस प्रती काढून चित्रकाराकडे जातात, तो प्रत्येकीवर एकेक रंगाची जागा दाखवतो, आणि त्या प्रत्येकीचा वेगळा ठसा कोरला जातो. सगळ्यांवर कागद एकाच जागी बसावा म्हणून ठशावर दोन खाचा असतात (केंतो): एका कोपऱ्यात काटकोनी, त्याच कडेला पुढे सरळ. अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर तलवारीच्या पात्याशेजारी पांढरी फट दिसते.

कागद होशो जातीचा, कोझो झुडपाच्या सालीचा. त्याला सरस आणि तुरटीचं पाणी देतात, तुरटी सरसाच्या साधारण निम्मी. कमी पडली तर रंग कागदात पसरतो, जास्त झाली तर कागद वर्षानुवर्षांत आम्ल होऊन ठिसूळ होतो. छापण्याच्या आदल्या दिवशी एकाआड एक ताव ओला करून थप्पी दाबून ठेवायची, सकाळी सगळे सारखे दमट. छपाईच्या मध्येच थप्पी वाळली तर कागद आकसतो आणि खाचा असूनही रंग सरकतात. रंग चुकण्याची बहुतेक प्रकरणं इथली असतात, कोरणाऱ्याची नसतात.

आता अंधार. ठशावर शाई आणि थोडी खळ, ब्रशने एकजीव. कागद पालथा ठेवून पाठीवरून बारेन फिरवायचा. बारेन म्हणजे पिळलेल्या बांबूच्या दोरीचं वेटोळं, मागे लाख दिलेली कागदी तबकडी, आणि वरून बांबूच्या सालीचं वेष्टण. खळ कमी पडली किंवा दाब कमी पडला की काळ्यात तीळ उठतात. छापणारे त्याला 'तीळछाप'च म्हणतात. खळ जास्त झाली की बारीक रेषांच्या कडा भरून येतात. एका हातात काळं खोल होत नाही, म्हणून तेच क्षेत्र दोनदा छापायचं. सांगाड्यामागचा काळोख चांगल्या प्रतीत मखमलीसारखा दिसतो तो या दुसऱ्या हातामुळे. घाईच्या प्रतीत खर्च वाचवायला हाच दुसरा हात उडवतात, आणि रात्र करडी होते.

विरत जाणारं निळं (बोकाशी) कोरलेलं नसतंच. ठसा सपाट असतो. ओल्या फडक्याने पुसून एका कडेलाच रंग लावायचा आणि ब्रशने पाण्याकडे ओढायचा, प्रत्येक तावासाठी नव्याने. म्हणून दोन प्रतींत कधीच सारखं येत नाही, आणि म्हणूनच पुढच्या छपाईत सगळ्यात आधी तेच गळतं.

रक्ताची चकाकी सरसाची. १८६६–६७ मध्ये योशितोशी आणि योशिइकू या दोघांनी मिळून खुनांची अठ्ठावीस चित्रांची मालिका केली. तिथे लाल रंगात सरस मिसळून रक्त छापलंय. समोरून बघितलं तर नुसता लाल. ताव दिव्याखाली तिरपा करा, रक्त ओलं होतं.

तिरपा करायची सवय कायम ठेवा. काळ्या कपड्यावर अचानक नक्षी उमटेल. ती पुढून घोटलेली असते: छापून वाळलेला ताव सुलट्या कोरलेल्या ठशावर चेहरा वर करून ठेवायचा आणि गुळगुळीत कडक वस्तूने काळा भाग घोटायचा. भुताच्या पांढऱ्या कपड्याची वीण असेल तर ती बिनरंगी दाबछाप, करावी लागते अगदी शेवटी, नाहीतर पुढच्या बारेनखाली सपाट होते. संग्रहालयाच्या समोरून काढलेल्या फोटोत यातलं काहीही दिसत नाही.

---

तिसरा ताव

छान. आता तिसरा प्रश्न यावरच बसतो. 'मूळ' हा शब्द सोडा आणि तीन वेगळ्या गोष्टी मनात ठेवा: आधीची छपाई, नंतरची छपाई (तोच ठसा), आणि पुनर्कोरीव (नवा ठसा).

पहिल्या दोनांसाठी चौकटीची रेष आणि नावाच्या पाटीची कड बघा. ठसा झिजला की तिथे फटी पडतात, आणि फट एकदा पडली की भरून येत नाही. तीन-चार संग्रहालयांतल्या प्रती मोठ्या करून शेजारी लावा, तीच फट कुठे नाही, कुठे बारीक, कुठे रुंद ते टिपा. फट नसलेली प्रत आधीची. यासारखा भरवशाचा पुरावा दुसरा नाही. रंगावर एवढा भार टाकू नका, कारण रंग प्रकाशानेही उडतो आणि नंतरच्या छपाईत प्रकाशकाने मुद्दामही बदललेला असतो. तुमच्या प्रश्नातलं सपाट राखाडी आकाश बहुधा नंतरचं, पण 'बहुधा' काढून टाकायला फटच बघावी लागेल.

योशितोशीच्या चंद्राच्या शंभर चित्रांत (१८८५–९२) सोपी खूण आहे. आधीच्या प्रतींत शीर्षकाच्या पाटीत दोन-तीन रंग एकमेकांत विरघळलेले असतात, नंतरच्यांत पाटी एकरंगी.

पुनर्कोरीव पकडायला केस मोजा. खरंच मोजा. कानशिलापाशी एक सेंटिमीटर घ्या आणि नक्की जुन्या असलेल्या प्रतीशी ताडा. नव्या हाताने कोरलेल्या ठशात केसांची संख्या, वळण आणि सुरुवातीची जाडी जुळतच नाही. नजर चेहऱ्याकडे जाते, तो कोरणाऱ्यानेही जपलेला असतो. फसतो तो केसांत आणि चिलखताच्या दोऱ्यांत.

दहापट भिंगाखाली नियमित ठिपके दिसले तर ते यंत्राने छापलंय, विषय संपला. ठशाच्या प्रतीत रंग तंतूंत मुरलेला असतो, आणि पाठीमागून बारेनच्या गोलाकार रेघा आणि शिरलेला रंग दिसतो. मागे दुसरा कागद चिकटवलेला असेल तर ही खूण मिळत नाही. जुनी चित्रं वहीत डकवायची पद्धत होती, तेव्हा अस्तर असणं म्हणजे लबाडी असं नाही. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला तर तो आधुनिक.

आकारही मोजा. ओबान ताव साधारण ३७–३९ सेंटिमीटर उंच, २५–२६ रुंद. ३५ भरला तर समास कापलाय. शिक्का किंवा प्रकाशकाची खूण कडेला असल्याने कापताना तीच जाते, आणि मग साल काढायला कुणी उरत नाही.

जाता जाता: योशितोशीच्या भुतांच्या छत्तीस चित्रांत (१८८९–९२) चौकट कसर लागल्यासारखी कुरतडलेली दिसते. ती तशीच कोरलेली आहे. 'कसर लागलेली, दुरुस्त केलेली प्रत' असं विकणाऱ्याने लिहिलं तर त्याने ती मालिका पाहिलेली नाही.

---

मोनवाला

तिसरा ताव, एक मुद्दा पूर्ण पटला नाही. 'आधी शिक्के, मग चित्र' हे साल काढायला ठीक. पण १८४३ चं कोळ्याचं चित्र घ्या. राइको आजारी, झोपलेला. त्याचे चौघे पहाऱ्यावर, पण गो हा पटावरचा खेळ खेळताहेत. मागे कोळी जाळं पसरतोय आणि अंधारातून भुतांची फौज येतेय. शिक्का आहे, म्हणजे तपासणीतून सुटलं. तपासनिसाला जे दिसलं नाही ते एदोच्या रस्त्यावर दिसलं. चौघांपैकी उराबे नो सुएताकेच्या कपड्यावरचं पाणवनस्पतीचं चिन्ह मुख्य मंत्री मिझुनो तादाकुनीच्या घराण्याचं. म्हणजे झोपलेला राइको हा शोगुन, आणि प्रत्येक भूत म्हणजे मिझुनोच्या सुधारणांत बंद पडलेला एकेक धंदा, असं लोकांनी वाचलं. प्रकाशकाने घाबरून प्रती परत घेतल्या, ठसे नष्ट केले. पाठोपाठ नकला निघाल्या. इथे चिन्ह न वाचता नुसता शिक्का वाचला तर हाती एक साल येतं, बस.

---

तिसरा ताव

मान्य, पण पुन्हा शिक्क्यामुळेच ते सुधारणांच्या काळातलं आहे हे कळतं, नाहीतर चिन्हाचा अर्थ लावणार कसा? १८४२ च्या हुकमाने नट आणि गणिकांची चित्रं बंद झाली, रंगांची संख्या सात-आठवर आली, एका तावाची किंमत सोळा मोनपर्यंत (इथे मोन म्हणजे नाणं, कुलचिन्ह नव्हे) बांधली गेली, आणि तीनपेक्षा जास्त तावांच्या चित्राला मनाई झाली. १८४३–४७ च्या शिक्क्याचं योद्ध्याचं चित्र तिसऱ्या तावापुढे जात नाही, आणि त्यात मोजके रंग दिसतात, ते यामुळे. नटांची चित्रं थांबल्यावर दुकानांना माल हवाच होता. कुनियोशी १८२७ पासूनच्या सुइकोदेन (चिनी कादंबरीतल्या बंडखोर वीरांच्या) मालिकेने योद्ध्यांचा चित्रकार म्हणून गाजलेला होताच.

---

शाईडाग

म्हणजे शिक्का आणि चिन्ह दोन्ही. ठीक. एक शेवटचं: रंग उडालेत की मुळात तसेच फिके छापले होते, हे कसं ओळखायचं? आणि लाल डाग पडलेला ताव धुता येतो का?

---

खळ आणि तुरटी

धुवायचा नाही. १८६० च्या दशकापासून आयात अ‍ॅनिलिन रंग आले, आधी किरमिजी-जांभळे, पुढे भडक लाल. मेइजी काळातली (१८६८–१९१२) पुष्कळ लाल चित्रं त्यांचीच. पाणी लागताच लाल पसरतो, आणि पाठीमागे गुलाबी ढग आधीच दिसत असेल तर समजा कधीतरी पाणी लागलंय. चिकटपट्टी, इस्त्री, ब्लीच, काही नाही. कागदाच्या संवर्धकाकडे द्या.

उडालंय की नाही हे बघायला चौकटीखाली किंवा घडीत झाकलेली पट्टी शोधा. तिथला रंग आणि उघडा रंग ताडा. काही गोष्टी तशाही कळतात. डेफ्लॉवरच्या फुलाचा जुना निळा प्रकाशात पिवळट मातकट होतो, करडईचा लाल (बेनी) विरून गुलाबी, मग जवळजवळ काहीच नाही. या दोघांचा जांभळा तपकिरी होतो, त्यामुळे भुताचा तपकिरी अंगरखा मुळात जांभळा असू शकतो. प्रशियन निळा, जो १८३० च्या सुमारापासून सगळीकडे आला, तो बराच टिकतो. म्हणून एखाद्या तावात निळं आकाश झगझगीत आणि रक्त मात्र फिकं दिसलं तर छपाई कमी पडली असं म्हणू नका, लाल उडालाय. निळं, लाल, सगळंच सारखं फिकं असेल तर मात्र रंग पातळ लावलेला, आणि मग ठशाच्या फटी बघा, बहुतेक वेळा त्या सापडतात.

टांगायचं असेल तर ५० लक्सच्या आत आणि वर्षातून काही महिनेच, बाकी वेळ आम्लमुक्त पुठ्ठ्यात आडवं. चौकटीची काच कागदाला टेकू देऊ नका, दमटपणात सरस मिसळलेलं रक्त आधी काचेला चिकटतं.